नावावर केस आहे आणि परदेशी जायचंय: पासपोर्ट ऑफिसपासून विमानतळापर्यंत

चेक बाउन्स, भावकीच्या भांडणातली मारामारी, ४९८-अ (विवाहितेच्या छळाचा गुन्हा), अपघात, मोर्चात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा. अशी एखादी केस नावावर असली की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला: "आता विसर, तुला पासपोर्ट मिळत नाही." दुसरा: "फॉर्मात काही लिहू नकोस, एजंट बघून घेईल." दोन्ही चुकीचे आहेत. पहिल्याने फार तर प्रवास बुडतो. दुसऱ्याने मात्र जुन्या केसवर एक नवी केस चढते.

हा लेख भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांसाठी आहे. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून वाचताना उड्या मारू नका.

आधी केस नेमकी कुठल्या पायरीवर आहे ते बघा

"माझ्यावर केस आहे" एवढ्यावर कायद्याचं काही अडत नाही. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२) मध्ये नकाराची कारणं दिली आहेत. त्यातली तीन आपल्या कामाची:

– (ई): अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत भारतातल्या कोर्टाने नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवून किमान २ वर्षांची कैद दिली असेल.
– (एफ): भारतातल्या फौजदारी कोर्टात तुमच्यावर खटला प्रलंबित असेल.
– (जी): कोर्टाचं समन्स किंवा वॉरंट निघालं असेल, किंवा देश सोडायला कोर्टाने मनाई केली असेल.

आता आपली केस यात बसते का ते पाहू.

नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद असेल तर तो खटला नाही. एफआयआर झालाय पण तपासच चालू आहे, चार्जशीट कोर्टात गेलेलं नाही, तर तोही (एफ) मध्ये येत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात हे स्पष्ट लिहिलं आहे: कोर्टात प्रकरण दाखल होऊन कोर्टाने दखल घेतली असेल तरच फौजदारी कार्यवाही प्रलंबित धरायची. या परिपत्रकाची प्रत फाईलमध्ये ठेवाच. पोलिसांच्या अहवालात "गुन्हा दाखल" एवढंच लिहून आलं, तर तिचा उपयोग होतो.

चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, हा गुन्ह्याचा खटला नाही. पण पोलिसांच्या रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख येतो. बाँडची मुदत संपल्याचा किंवा कार्यवाही बंद झाल्याचा कागद जवळ ठेवा.

पोलिसांनी "ब समरी" किंवा "क समरी", म्हणजे खटला चालवण्याजोगं काही नाही असा अहवाल, कोर्टात पाठवली आहे असं कळलं, तर तेवढ्यावर खूश होऊ नका. समरी कोर्टाने मंजूर केली का ते बघा. वर्षानुवर्षं मंजुरीविना पडून राहिलेल्या समरी असतात. मंजुरीच्या आदेशाची नक्कल हातात येईपर्यंत ते प्रकरण मिटलेलं नाही.

सगळ्यात फसवी केस चेक बाउन्सची. कलम १३८ ची तक्रार फिर्यादी थेट कोर्टात करतो, पोलीस ठाण्यात एफआयआर नसतो. त्यामुळे पोलीस पडताळणी बिनबोभाट "क्लिअर" येते आणि माणूस फॉर्ममध्ये "नाही" लिहून मोकळा होतो. पण कोर्टाने प्रोसेस (हजर राहण्याचं समन्स) काढलेली असते, म्हणजे केस फौजदारी कोर्टात प्रलंबित असते. मग फिर्यादी पासपोर्ट ऑफिसला एक पत्र टाकतो. माहिती दडवली म्हणून कलम १०(३)(बी) खाली पासपोर्ट जप्त किंवा रद्द होऊ शकतो. शिवाय कलम १२ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शोध कसा घ्यायचा? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून नावाने शोधा. स्पेलिंग बदलून बघा: जाधवचं "Jadhav"ही असतं आणि "Jadhao"ही, वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. सापडली की तिचा १६ अक्षरी-आकडी सीएनआर क्रमांक लिहून ठेवा, पुढे तो सगळीकडे लागतो. जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक जिल्ह्यात शोधा.

मग एक फाईल करा: एफआयआर, चार्जशीटचं पहिलं पान, जामिनाचा आदेश आणि ताज्या तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची कोर्टाची नोंद. जामिनाचा आदेश शब्द न शब्द वाचा. "न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय देश सोडणार नाही" ही अट आहे का, पासपोर्ट जमा करायला लावला आहे का, आणि परवानगी कुठल्या कोर्टाने द्यायची आहे? जामीन उच्च न्यायालयाने दिला असेल आणि आदेशात "ट्रायल कोर्टाची परवानगी" असं लिहिलं नसेल, तर खालच्या कोर्टात अर्ज करून महिना फुकट जातो.

कोर्टाची परवानगी: एका अर्जावर भागत नाही

खटला प्रलंबित असला तरी पासपोर्ट मिळण्याची वाट २५ ऑगस्ट १९९३ च्या जी.एस.आर. ५७०(ई) या अधिसूचनेने मोकळी केली आहे. तिचा आशय असा: ज्या कोर्टात केस आहे त्याने देशाबाहेर जायला परवानगी देणारा आदेश दिला, तर (एफ) ची आडकाठी राहत नाही. पासपोर्टची मुदत मात्र त्या आदेशाच्या शब्दांवर ठरते. आदेशात मुदत लिहिली असेल तर तेवढी. पासपोर्टची मुदतही नाही आणि प्रवासाचा काळही नाही, तर एक वर्ष. प्रवासाची परवानगी एक वर्षापेक्षा कमी काळाची असेल आणि पासपोर्टच्या मुदतीबद्दल आदेश गप्प असेल, तरीही एक वर्ष.

एक वर्षाचा पासपोर्ट कागदावर छान दिसतो. पण पुष्कळ देश पोचल्यावर किमान ६ महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणजे हातात खरे सहा महिने, आणि त्यातलेच काही आठवडे व्हिसात जातात. म्हणून अर्जाच्या विनंतीच्या परिच्छेदात, म्हणजे प्रार्थनेत, आकडा लिहून मागा: "१० वर्षे मुदतीचा पासपोर्ट देण्यास हरकत नाही असा आदेश व्हावा." मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं आहे की कोर्टाने "नियमांनुसार" नूतनीकरणाचा आदेश दिला असेल तर पासपोर्ट नियम १९८० लागू होतात आणि प्रौढांना १० वर्षांचा पासपोर्ट द्यावा. तरीही खिडकीवर वाद घालण्यापेक्षा आदेशातच आकडा असलेला बरा.

दुसरी नेहमीची चूक: आदेशात फक्त "पासपोर्ट नूतनीकरणास ना हरकत" एवढंच येतं. अधिसूचनेत शब्द आहेत ते देशाबाहेर जाण्याच्या परवानगीचे. पासपोर्ट ऑफिस त्यावर बोट ठेवतं आणि फाईल परत फिरते. म्हणून दोन्ही गोष्टी मागा: पासपोर्टला हरकत नाही, आणि प्रत्येक प्रवासाआधी कोर्टाची स्वतंत्र परवानगी घेण्याच्या अटीवर देशाबाहेर जाण्यास परवानगी आहे.

अर्जात काय असावं:

१. केस क्रमांक, सीएनआर, कलमं आणि खटल्याची सध्याची अवस्था. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर भारतीय दंड संहितेची कलमं, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेची.
२. आधीच्या पासपोर्टचा तपशील, आणि पूर्वी परदेशी जाऊन वेळेत परतला असाल तर त्या शिक्क्यांच्या प्रती. कोर्टाला पळून जाण्याची शंका असते, आणि तिला याहून चांगलं उत्तर नाही.
३. इथली मुळं: घर, सातबारा, नोकरीचं पत्र, मुलांची शाळा, आईवडील.
४. जाण्याचं कारण आणि त्याचा कागद: नियुक्तीपत्र, विद्यापीठाचं पत्र, लेकीच्या बाळंतपणासाठी जायचं असेल तर तिकडच्या डॉक्टरांचं पत्र.
५. प्रतिज्ञापत्र: बोलावलं की हजर राहीन, गैरहजेरीत वकील काम चालवतील, माझ्या नसण्याचं कारण देऊन तारीख मागणार नाही, साक्षीदारांसमोर ओळखीबाबत वाद घेणार नाही.

शेवटच्या मुद्द्याचं वजन पुष्कळांना कळत नाही. न्यायाधीशांची खरी अडचण असते ती खटला रखडण्याची. तुमच्यामुळे एकही तारीख वाया जाणार नाही असं लेखी दिलं की अर्ध काम झालं. सोबतच हजेरी माफीचा अर्ज द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी कलम २२८ आणि ३५५ आहेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २०५ आणि ३१७).

अर्ज दिला की कोर्ट सरकारी वकिलांचा "से", म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं, ते तपास अधिकाऱ्याकडे विचारतात, आणि तिथे कागद झोपतो. वकिलावर सोडून देऊ नका. पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन "से" पाठवला का ते विचारत राहा. दोन महिने हाताशी धरा. मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी विसरू नका: परदेशवारी बहुतेकांना मेमध्येच करायची असते आणि कोर्ट नेमकं तेव्हाच बंद असतं. अर्ज फेब्रुवारीतच टाका.

आदेश झाला की नक्कल विभागातून प्रमाणित प्रती घ्या. एकच नको, तीन घ्या.

पासपोर्टचा फॉर्म

फॉर्ममध्ये शिक्षा, प्रलंबित खटला, वॉरंट-समन्स, पूर्वी पासपोर्ट नाकारला किंवा जप्त झाला का, असे वेगवेगळे प्रश्न आहेत. खटला असेल तिथे "होय" लिहा, कोर्टाचं नाव आणि केस क्रमांक द्या, आणि आदेशाची प्रमाणित प्रत जोडा. सोबत जी.एस.आर. ५७०(ई) नुसार हमीपत्रही द्यावं लागतं: पासपोर्टच्या मुदतीत कोर्टाने बोलावल्यास हजर राहीन. तत्काळ योजनेने हे प्रश्न टळत नाहीत.

निर्दोष सुटलेल्यांनी फॉर्ममध्ये "नाही" लिहिणं बरोबर आहे. मात्र सरकार पक्षाने अपील केलेलं नाही याची खात्री आधी करा. अडचण पुढे येते. पोलिसांच्या रजिस्टरमध्ये निकालाची नोंदच चढलेली नसते, आणि पडताळणी "अॅडव्हर्स", म्हणजे प्रतिकूल, जाते. म्हणून अर्ज करण्याआधीच निकालाची नक्कल ठाण्यात देऊन पोच घ्या.

अॅडव्हर्स रिपोर्ट गेला तर पासपोर्ट ऑफिस कारण विचारणारं पत्र पाठवतं. त्याला मुदतीत उत्तर द्या, शक्यतो अपॉइंटमेंट घेऊन कागदांसह. तरी नकार आला तर तो लेखी मागा. त्यावर कलम ११ खाली ३० दिवसांत अपील करता येतं, आणि तिथेही नाही जमलं तर उच्च न्यायालयात रिट.

प्रत्येक प्रवासाची वेगळी परवानगी

हातात पासपोर्ट आला म्हणजे जायची मुभा मिळाली असं नाही. जामिनात अट असेल तर प्रत्येक वेळी तारखांसह परवानगी लागते. इथे कोंबडी आधी की अंडं आधी: कोर्ट तिकीट मागतं, तिकीट काढावं तर व्हिसा नाही, व्हिसासाठी तारखा हव्यात. यावर उपाय म्हणजे कोर्टाकडे ठरावीक दिवस न मागता अवधी मागणं: "१ एप्रिल ते ३१ जुलै या काळात सलग ३० दिवसांपर्यंत, निघण्याच्या ७ दिवस आधी तिकिटाची प्रत व पत्ता दाखल करण्याच्या अटीवर." परत न करता येणारं तिकीट आदेशाआधी काढू नका.

कोर्ट रोख अनामत किंवा जामीनदार मागू शकतं, त्याची सोय आधीच करून ठेवा. पासपोर्ट कोर्टात जमा असेल तर तो परत मिळण्याची विनंती याच अर्जात करा. पासपोर्ट पोलिसांनीच ठेवून घेतला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा सुरेश नंदा निकाल वकिलांना दाखवायला सांगा. पासपोर्ट जप्त करून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा आहे, असं त्यात म्हटलं आहे.

नेपाळबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. तिथे मतदार ओळखपत्रावर जाता येतं हे खरं. पण जामिनाची अट "भारताबाहेर" जाण्याची आहे, पासपोर्टची नाही. पशुपतिनाथाच्या दर्शनाचा फोटो फिर्यादीच्या हाती लागला, तर जामीन रद्द करण्याच्या अर्जाला तो जोडला जाईल.

परतल्यावर ठरलेल्या दिवसांत पुरशीस (कोर्टाला लेखी कळवण्याचा कागद) दाखल करा, शिक्क्यांच्या पानांच्या प्रती आणि बोर्डिंग पास लावा. आजारपणाने तिकडे अडकलात तर मुदत संपण्याआधी वकिलामार्फत मुदतवाढ मागा, हॉस्पिटलच्या कागदांसह. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं.

व्हिसा: विचारलंय त्याचंच उत्तर

इथे भारतीय कायद्यातलं "प्रलंबित नाही", "निर्दोष सुटलो" फारसं कामाला येत नाही. प्रत्येक देश आपल्या शब्दांत विचारतो. प्रश्नात अटक आहे, आरोप आहे की शिक्षा, हे बघून उत्तर द्या.

आणि शिक्षा म्हणजे फक्त तुरुंग नव्हे. दारू पिऊन गाडी चालवताना सापडलात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि घरी आलात, तर ती दोषसिद्धी आहे. जुगाराच्या धाडीत पकडल्यावर कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला असेल तर तीही. "मिटलं ना ते" म्हणून सोडून दिलेल्या याच गोष्टी व्हिसाच्या वेळी आडव्या येतात.

अमेरिकेचा डीएस-१६० फॉर्म कधीही अटक झाली होती का, असं विचारतो, माफी मिळाली असली तरीही. उच्च न्यायालयाने केस रद्द केली असली आणि अटक झाली होती, तर उत्तर "होय". त्यासोबत रद्द केल्याचा आदेश न्यावा. अपात्रतेतून एकाच किरकोळ गुन्ह्याला सूट आहे: त्याची कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नसावी आणि प्रत्यक्ष शिक्षा ६ महिन्यांपेक्षा जास्त झालेली नसावी. इथे आपले लोक गडबडतात, कारण फसवणुकीसारख्या कलमांची कमाल शिक्षा वर्षाच्या खूप वर जाते. प्रत्यक्षात दंडच झाला असला तरी मोजतात ती कमाल शिक्षाच. अमली पदार्थांच्या गुन्ह्याला ही सूट लागू नाही. अपात्र ठरलात तरी पर्यटक-व्यावसायिक व्हिसासाठी सवलत मागता येते, आणि ती शिफारस मुलाखत घेणारा अधिकारी करतो. खोटं उत्तर दिल्याचं सिद्ध झालं तर मात्र कायमची अपात्रता येते.

ब्रिटनमध्ये १२ महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा असेल तर भेटीचा व्हिसा नाकारतात. त्याहून कमी शिक्षेत किती काळ लोटला हे बघतात. फसवून अर्ज केला तर १० वर्षांची बंदी.

कॅनडा तुमचा गुन्हा आपल्या कायद्यात बसवून मोजतो. १८ डिसेंबर २०१८ पासून तिथे दारू पिऊन गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यांत गेलं आहे. आपल्याकडे दंड भरून सुटलेला माणूस तिथे अडतो तो यामुळेच. शिक्षा पूर्ण होऊन ५ वर्षं झाली की पुनर्वसनाचा अर्ज करता येतो, त्याआधी फार गरज असेल तर तात्पुरता परवाना. चुकीच्या माहितीला ५ वर्षांची बंदी.

ऑस्ट्रेलियात मिळून १२ महिन्यांची कैद झाली असेल तर चारित्र्य चाचणीत नापास. जपान एक वर्ष किंवा जास्त शिक्षेवर अडवतो, आणि अमली पदार्थांचा गुन्हा असेल तर शिक्षा कितीही असो. युरोपच्या शेंगेन फॉर्ममध्ये गुन्ह्याचा प्रश्नच नाही. न विचारलेलं सांगायची गरज नाही, पण त्यांच्या माहितीप्रणालीत नाव असेल तर नकार येतो.

नोकरी किंवा स्थायिक होण्यासाठी पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) मागतात. महाराष्ट्र पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र वेगळं आणि पासपोर्ट सेवेतून ५०० रुपये भरून मिळणारं पीसीसी वेगळं. व्हिसाला साधारण दुसरं लागतं. खटला चालू असेल तर ते सहसा अडकतं, म्हणून आधी केस संपवण्याची वाट बघा: चेक बाउन्सला लोकअदालतीत तडजोड, ४९८-अ मध्ये संमतीने उच्च न्यायालयातून केस रद्द.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून न्या. तीनशे पानांचं चार्जशीट नको, एफआयआर, आदेश आणि निकाल पुरे.

विमानतळ आणि एलओसी

लुक आउट सर्क्युलर (एलओसी), म्हणजे देशाबाहेर जाताना या माणसावर नजर ठेवा किंवा त्याला थांबवा अशी सूचना, ही अशी गोष्ट आहे की ती निघाली हे बहुतेकांना इमिग्रेशनच्या खिडकीवरच कळतं. तपास यंत्रणा मागणी करते, इमिग्रेशन ब्युरो अमलात आणतं. सार्वजनिक यादी नाही. ४९८-अ मध्ये नवरा परदेशात असेल, मोठी आर्थिक केस असेल, फरार दाखवलं असेल, तर शक्यता धरून चाला आणि निघण्याआधी वकिलामार्फत तपास अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करा.

सगळे एलओसी थांबवत नाहीत. काहींत फक्त "गेल्याचं कळवा" एवढंच असतं. पण फेब्रुवारी २०२१ च्या गृह मंत्रालयाच्या सूचनांनुसार, मागणी करणारी यंत्रणा मागे घेत नाही तोवर एलओसी चालू राहतो, आपोआप संपत नाही. निर्दोष सुटून तीन वर्षं झालेला माणूस अडकतो तो असा. निकालानंतर त्या यंत्रणेला तो रद्द करण्याचं पत्र द्या. उत्तर नाही आलं तर उच्च न्यायालय.

एलओसी आहे आणि कोर्टाने प्रवासाला परवानगी दिली आहे, तर आदेशात "या कालावधीपुरता एलओसी स्थगित ठेवावा व तसे इमिग्रेशनला कळवावे" हे वाक्य मागून घ्या. ते नसेल तर खिडकीवरचा अधिकारी आदेश वाचेल, मान हलवेल आणि तरीही थांबवेल. त्याच्या स्क्रीनवरचं नाव उतरलेलं नसतं. कळवल्याची पोच आठवडाभर आधी मिळवा. विमानतळावर चार तास आधी पोचा, प्रमाणित प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको.

तिकडे राहत असताना इकडे केस झाली तर

दुबईत किंवा न्यू जर्सीत असताना इथे गुन्हा दाखल होतो आणि दूतावास पासपोर्ट नूतनीकरण अडवतो. वाट तीच, कोर्टाचा आदेश. वकीलपत्र दूतावासाकडून साक्षांकित करून पाठवा, अर्ज वकील चालवतील, हजेरीसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगी मागा. दूतावासाने इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ केलं तर लक्षात ठेवा, ते फक्त भारतात परतण्यासाठी असतं. त्यावर परतलात की पुन्हा जाण्यासाठी पहिल्या पायरीपासून सुरुवात. वॉरंट निघालं असेल तर विमानात बसण्याआधी अटकपूर्व जामिनाचं काय ते वकिलाशी बोलून घ्या.